बुजवलेला आड

खोटं फार काळ टिकत नाही, असं माझे वडील शाळेत शिकवत. त्यांनी आयुष्यात एकदाच खोटं लिहिलं, आणि ते तिसऱ्या दिवशी खरं झालं.

जिल्हा नवा होता. नळयोजनेसाठी सरकारी कर्ज मिळतंय, ही बातमी परतूरच्या बाजारातून आमच्या गावात आली. अट एवढीच, की गावात पिण्याच्या पाण्याची सोय नसावी. आमची पंचाईत अशी, की गावाच्या मधोमध आड होता आणि भर उन्हाळ्यातही त्यात कमरेएवढं पाणी असे.

सरपंच घरी आले. गुर्जींचं अक्षर चांगलं, तेव्हा अर्ज गुर्जींनीच लिहावा. वडील म्हणाले, "पण आडात पाणी आहे की."

"तीच तर अडचण हाये, गुर्जी. साहेब पाहणीला यायच्या आत बुजवून टाकू. सालभरात दारात नळ येईल. मंग कोन जातंय आडावर?"

वडिलांनी आईकडे पाहिलं. तिचे गुडघे तेव्हाच दुखत. ती चुलीपुढून उठली नाही, ऐकत बसली. वडिलांनी पेनाचं टोपण काढलं. 'गावात पिण्याच्या पाण्याची कोणतीही सोय नाही' हे वाक्य इतकं सुबक उतरलं की सरपंचांनी ते दोनदा वाचून घेतलं. पडक्या चावडीचे दगड टाकून दोन दिवसांत आड भरला. आईने पोहरा खुंटीला टांगला आणि दोर म्हशीच्या गळ्यात बांधला.

टाकीला चार वर्षं लागली. तोवर बायका मैलभरावरच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी आणत. उद्घाटनाला टाकी टँकरने भरली होती. पाहुण्यांनी नळ सोडला, हार घेतले आणि ते बोलायला उभे राहिले. भाषण संपायच्या आत पाणी संपलं. योजनेसाठी नदीकाठी खोदलेली विहीर पावसाळा सरला की कोरडी पडे. नळ मात्र खरोखरच दारात आला होता. आई त्याला वळसा घालून मळ्याकडे जाई.

पुढच्या उन्हाळ्यात मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले. बाळंतिणीच्या घरात पाण्याला मोजदाद नसते. मी आईला खेपा कमी कर म्हटलं की ती म्हणे, माहेरी आलीस ना, मंग गप पड.

सव्वा महिन्याने बाळंतिणीने आड पुजायचा आणि भरली कळशी घरी आणायची, ही आमच्याकडची रीत. शेजारणी म्हणाल्या, आता नळ पुजा. आईने मला आडाच्या दगडांकडे नेलं. हळदकुंकू वाहिलं, ओटी भरली. मळ्यातून आणलेली कळशी तिने बाजूला ठेवली होती. त्यातलं ओंजळभर पाणी तिने दगडांवर सोडलं आणि कळशी माझ्या कमरेवर दिली. वडील शाळेच्या पायरीवरून पाहत होते.

घरी आल्यावर ते म्हणाले, "मी लिहायला नको होतं."

"अक्षर चांगलं होतं तुमचं," आई म्हणाली आणि घागर उचलून निघाली.

आठ दिवसांनी ती मळ्यातल्या विहिरीच्या पायऱ्यांवर घसरली. खुब्याचं हाड मोडलं. अंथरुणातून ती उठली नाही. दुसऱ्या हिवाळ्यात गेली. शेवटी तिच्या तोंडात घातलेलं पाणी शेजारणीने त्याच विहिरीवरून आणलं होतं.

निवृत्त झाल्यावर वडिलांना तो अर्ज एकदा पाहायचा होता. कशासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही. मी त्यांना तालुक्याच्या कचेरीत घेऊन गेले. कारकुनाने धुळीतली बरीच गाठोडी सोडली तेव्हा सापडला. कागद पिवळा पडला होता, अक्षर तसंच होतं. वडिलांनी आपल्या वाक्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. त्याच्याखाली पाहणीला आलेल्या साहेबांचा लाल शाईतला शेरा होता: 'जागेवर जाऊन खात्री केली. मजकूर खरा आहे.'