आर. के. पुरमचे सिसिलियन काका

इटलीतून अमेरिकेत गेलेल्या एका जुन्या गुंडाच्या आयुष्यावर मी मराठी नाटक लिहिलं आणि ते दिल्लीच्या गणेशोत्सवात झालं, असं सांगितलं की लोक आधी हसतात. हसू देत. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला माणूस. मी बी. ए. झालो तेव्हा वीटभट्टीवर काम करणाऱ्या माझ्या वडिलांनी घरावर माझ्या नावाची पाटी लावली होती. तेव्हा माझं लिखाण मी कुणाला हसण्यावारी नेऊ देत नाही.

मी परीक्षांच्या तयारीसाठी दिल्लीत होतो. मयूर विहारला एका सोसायटीत आम्ही तिघं मराठी पोरं एका खोलीत राहायचो. दर्यागंजच्या फुटपाथवर मला त्या गुंडाचं एक फाटकं चरित्र मिळालं. वाचून मी चाटच पडलो. हा माणूस पोरवयात सिसिलीहून बोटीच्या तळमजल्यावर बसून न्यूयॉर्कला उतरला. काही दिवस हातगाडीवर लिंबं विकली. इंग्रजीचा एक शब्द येईना, त्यामुळे गोऱ्या दुकानदाराला दम द्यायची सोयच नव्हती, त्याला कळलाच नसता. म्हणून हा फक्त आपल्याच मुलखातल्या न्हाव्यांना, भाजीवाल्यांना दम द्यायचा. पुढे मोठा झाला, थ्री-पीस सूट शिवला आणि गल्लीतल्या संताच्या उत्सवात मूर्तीला खांदा द्यायला सगळ्यांच्या पुढे उभा राहू लागला. मला तर हा माणूस थेट आपल्याकडचाच वाटला. मी नाटक लिहून काढलं.

आमच्या गणेशोत्सव मंडळाची समिती म्हणजे केंद्र सरकारचे आजी-माजी अधिकारी. त्यांनी माझं नाटक फाइलसारखं फिरवलं. समासात शेरे आले. 'चर्चा करावी.' 'पिस्तूल आवश्यक आहे काय?' अध्यक्ष अंडर सेक्रेटरी म्हणून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "गुंड असायला हरकत नाही हो. पण जरा सज्जन करा."

आणि मुख्य भूमिका गेली आर. के. पुरमच्या सरकारी वसाहतीतल्या काकांकडे. काका एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. आवाज असा की माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेला ऐकू जावं. बाकी माणूस गायीसारखा. दिल्लीत भाजी घेतली की वर धनिया-मिरची फुकट मागायची पद्धत आहे, काका तेवढंही कधी मागत नसत.

पहिल्याच तालमीला त्यांनी मला बाजूला घेतलं.

"अरे, एक अडचण आहे. पोरीचं जमत आलंय."

हे मंडळात सगळ्यांनाच ठाऊक होतं. मुलगा न्यू जर्सीत सॉफ्टवेअरला. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत, फोनवर बोलतही होते. त्याचे आईवडील दिल्लीतच राहायचे, पण त्यांचा होकार काही येत नव्हता. "तुमचं नाटक बघायला येतो, मग कळवतो," एवढंच म्हणाले होते.

"मग येऊ देत की," मी म्हणालो.

"अरे यार, समजून घे. माझा माणूस अमेरिकेत उतरतो आणि गुंड होतो. त्यांचा मुलगाही अमेरिकेतच उतरलाय. त्या बाईंना समोर बसून काय वाटेल?"

"काका, हा शंभर वर्षांपूर्वी गेला. बोटीतून."

"बोट असो नाही तर विमान. आईला ते एकच."

झालं. पोरीचं लग्न म्हटल्यावर समितीला तर निमित्तच मिळालं. पिस्तुलाची छत्री झाली. खंडणीची वर्गणी झाली. पुस्तकात ज्याला भर चौकात गोळ्या घालतात, त्याची नाटकात शिकागोला बदली झाली. मी भांडलो. "बदली कोण करणार? गुंडांचं काय मंत्रालय असतं का?" अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "विनंती बदली दाखवा."

एकच प्रवेश तेवढा वाचला. गुंड न्हाव्याच्या दुकानात येतो, आरशाला बोट लावतो आणि म्हणतो, "छान आहे दुकान. काच नवीन दिसते. जपा." न्हावी गयावया करतो, "मी लेकुरवाळा माणूस आहे." तेव्हा हा म्हणतो, "म्हणून तर सांगतोय." यात समितीला आक्षेपार्ह काही दिसलं नाही. एकाने तर 'आस्थेवाईक' असा शेरा मारला होता.

प्रयोगाच्या दिवशी मुलाकडचे पहिल्या रांगेत. काकू विंगेत उभ्या, त्यांचा एक डोळा नवऱ्यावर आणि एक विहीणबाईंवर. काकांचं पाठांतर कच्चं होतं, त्यामुळे प्रॉम्प्टर मीच. "काच नवीन दिसते" म्हटल्यावर काका पुढचा शब्द विसरले आणि नुसते बघत राहिले. मी विंगेतून ओरडून सांगेपर्यंत हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आलं असतं.

पडदा पडल्यावर मुलाचे वडील तडक आत आले. काका माफी मागायला तोंड उघडणार, एवढ्यात त्या गृहस्थांनी त्यांचे दोन्ही हात धरले.

"साहेब, तुम्ही 'जपा' म्हणालात ना, माझ्या पाठीला घाम फुटला. मला असाच माणूस हवा होता."

"व्याही म्हणून?" काकांनी चाचरत विचारलं.

"व्याही म्हणून तर हवाच. पण आधी बिल्डरसाठी."

मग सगळं बाहेर आलं. त्यांनी नोएडात फ्लॅट बुक केला होता. तेव्हा यमुनेपलीकडे शेतं नांगरायची सोडून लोक सेक्टर पाडत होते, शाळेच्या आधी शॉपिंग कॉम्प्लेक्सच्या पाट्या लागत होत्या. यांची इमारत उभी होती, पण ताबा मिळत नव्हता. गेलं की मॅनेजर म्हणायचा, "बस, अगले महीने." हे गृहस्थ निवृत्त झालेले, सरकारी क्वार्टर सोडायची वेळ आलेली. "अमेरिकेला जायच्या आधी सून आणायची कुठे, सांगा. म्हणून कळवत नव्हतो. मुलगी आम्हाला पहिल्या दिवसापासून पसंत आहे. तुम्ही फक्त एकदा माझ्याबरोबर चला आणि तसं बोला."

"अहो, मी सेक्शन ऑफिसर आहे."

"ते त्याला कशाला सांगायचं?"

काका नाही म्हणणारच होते. पण काकू मागून म्हणाल्या, "अहो, जा की. नाही तरी घरात रोज तालीम चालूच असते."

पुढच्या रविवारी मुलाच्या वडिलांच्या मारुतीतून आम्ही नोएडाला गेलो. काकांनी सफारी घातला होता. मी का? तर काकांना वाक्यं आठवायची नाहीत, प्रॉम्प्टर लागायचाच.

साइट ऑफिसात कूलरसमोर मॅनेजर बसला होता, बोटांत अंगठ्याच अंगठ्या. मुलाच्या वडिलांना बघून तो तोंड भरून हसला. "आइए अंकलजी! बस, अगले महीने."

काका पुढे झाले आणि पहिलंच वाक्य विसरले. नुसते उभे. मॅनेजरकडे बघत. मी मागून पुढे वाकून त्यांच्या कानात हळूच सांगितलं, "छान आहे दुकान."

"छान आहे दुकान," काका म्हणाले. त्या पत्र्याच्या खोलीत तो आवाज घुमला.

मी पुन्हा कानाशी लागलो.

"काच नवीन दिसते," काका म्हणाले.

मॅनेजर हसायचा थांबला. सफारीतला एक माणूस, डोळ्याची पापणी हलवत नाही, त्याच्या मागे दुसरा, जो प्रत्येक वाक्याआधी त्याच्या कानात कुजबुजतो. आणि भाषा कुठली, तर हिंदी सिनेमातला इन्स्पेक्टर आणि भाई दोघंही मधूनमधून बोलतात ती.

"जपा," काका म्हणाले.

मॅनेजर उठून उभा राहिला. "सर... आप बंबई से?"

काकांना खोटं बोलता येत नाही. "जी, महाराष्ट्र से," ते म्हणाले.

"सर, मैं बाल-बच्चेदार आदमी हूँ."

याच्या पुढचं वाक्य मला सांगावं लागलं नाही. तालमीत इतक्या वेळा घोटलेलं, काकांच्या तोंडून आपोआप निघालं, "म्हणून तर सांगतोय."

मॅनेजर आतल्या खोलीत गेला. फोनवर त्याचं खालच्या आवाजातलं बोलणं आम्हाला ऐकू येत होतं, त्यातला "बंबई" तेवढा कळला. बाहेर आला तो चाव्या घेऊनच.

फ्लॅट चौथ्या मजल्यावर. लिफ्टच्या जागी नुसता खड्डा, नळाला पाणी नाही, बाथरूमला दार नाही. मुलाचे वडील मात्र या खोलीतून त्या खोलीत असे फिरत होते, जणू लाल किल्ला नावावर झालाय. काका भिंतीला टेकून खाली बसले.

"मग," ते म्हणाले, "ठरलं असं समजू का?"

"समजू काय? ठरलं! दसऱ्याला साखरपुडा."

खाली आलो तर मॅनेजर थंड बाटल्या घेऊन उभा. त्याने काकांच्या बाटलीत स्ट्रॉ स्वतः घातली. गाडीचं दार उघडून धरलं आणि वाकून म्हणाला, "सर, ऊपर बता दीजिएगा, चाबी हमने ख़ुद दी है."

काकांनी सगळ्या नोकरीत फाइल बघितल्याशिवाय कुणाला तोंडी आश्वासन दिलं नव्हतं. त्यांनी क्षणभर विचार केला. "बिल्कुल. बता देंगे," ते म्हणाले.

गाडी हायवेला लागली तसे ते मागे वळले. "वर म्हणजे कुणाला सांगायचं रे? शब्द दिलाय मी त्याला."

"आधी घरी आमच्या विहीणबाईंना सांगा," पुढून व्याही म्हणाले आणि पहिल्याच पीसीओसमोर त्यांनी गाडी थांबवली.

मी बूथच्या काचेबाहेर उभा होतो, तरी काकांचा तो आवाज मला स्वच्छ ऐकू आला. "अगं, चावी मिळाली!" मग थोडं थांबून, "कसली म्हणजे? अगं, पोरीचं ठरलं!" आणि मग रिसीव्हर कानाला तसाच लावून ते डोळे पुसत राहिले. बूथवाल्याने मीटरकडे बोट दाखवलं, तर लगेच त्याला "सॉरी, सॉरी" म्हणाले.