उशाशी ठेवलेली बेल

समोरच्या गॅलरीत एक काका रोज सकाळी काकूंना खुर्चीत आणून बसवतात. काकूंना आता बोलता येत नाही. ऊन सरकलं की काका आतून येतात, खुर्ची हातभर सरकवतात आणि परत आत जातात. त्यांना कोणी हाक मारलेली नसते.

मी आईला बेल दिली होती. ती अंथरुणाला खिळली तेव्हा बटण तिच्या उशाशी ठेवलं, घंटा माझ्या खोलीत लावली. म्हटलं, "काही लागलं तर दाब, मी लगेच येईन." मग दार लोटून कामाला बसलो. औषधं वेळेवर, जेवण वेळेवर. बेल कधीच वाजली नाही. आईचा काही त्रास नाही, असं मी आल्यागेल्याला कौतुकाने सांगायचो. आत गेलो की ती म्हणायची, "कामात होतास ना? असू दे." मला तो तिचा समजूतदारपणा वाटायचा.

कर्तव्यात मी कुठे कमी पडलो नाही. पण कर्तव्य बोलावण्याची वाट बघत बसतं. काकांचं लक्ष उन्हाकडे असतं.

आई गेल्यावर खोली आवरताना ते बटण हाताशी आलं. सहज दाबलं. घंटा वाजली नाही. मागचं झाकण उघडलं, तर नव्या वस्तूच्या सेलवर वीज अडवायला असते ती प्लास्टिकची पट्टी अजून तशीच होती. मी ती काढलीच नव्हती.

बटणावरचं घंटेचं चित्र मात्र अंगठ्याने घासून पार पुसलं गेलं होतं.