नानांच्या वाटचे रोट

त्या वर्षी माझा देवावर राग होता. अमेरिकेतल्या एका कारखान्यानं मला कायमच्या नोकरीवर बोलावलं होतं. व्हिसाची मुलाखत दोन महिन्यांवर आली होती आणि पोलिसांचा दाखला अडकला होता, कारण धुळ्याच्या कोर्टात माझ्यावर मारहाणीचा खटला पडून होता. आठ वर्षांपूर्वी गावी सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून माझे भाऊ आणि आमचे चुलत काका, नाना, यांच्यात काठ्या निघाल्या. मी त्या दिवशी जळगावला परीक्षेला बसलो होतो. पण आमच्याकडे फिर्याद माणसावर होत नाही, घरावर होते. नानांनी आमच्या घरातले सगळे पुरुष एका दमात लिहून दिले.

वकील म्हणाले, तुम्ही तिथं नव्हता हे सिद्ध करायला वर्षं जातील. नानांनी कोर्टात येऊन तडजोड केली तर एका तारखेत सुटाल. मी साफ नकार दिला. खोटं त्यांनी लिहायचं आणि पाया मी पडायचं? रोज सकाळी देवापुढे बसून मी नानांची गाऱ्हाणी सांगत असे. त्याला पूजा म्हणणं जरा जास्तच होईल.

श्रावणात आमच्या खानदेशची देवी, कानबाई, घरात बसवायला गावी गेलो. कानबाईच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, भाऊबंदांतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं मूठ मूठ गहू घेतात आणि ते रोट भाऊबंदांनीच संपवायचे असतात. आई नाव घेऊन मूठ टाकत होती. माझ्यानंतर तिनं नानांचं नाव घेतलं, मग त्यांच्या दोन्ही मुलांचं. मी विचारलं तर म्हणाली, दरवर्षीच घेते. "भांडन तुमनं शे. कानबाईनं थोडंच शे?" म्हणजे आठ वर्षं नानांच्या वाटचे रोट आम्हीच खात होतो. मला फार लाज वाटली.

नैवेद्य झाल्यावर मी चार रोट फडक्यात बांधून नानांच्या गल्लीत गेलो. काय बोलायचं ते घोकत होतो. कडीला हात लावण्याआधीच दार उघडलं. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी घालून नाना उभे. "तुमनाकडेच निंघेल व्हतू," ते म्हणाले. आठ वर्षांत न फिरकलेला माणूस नेमका त्याच घटकेला का निघाला, हे मी तेव्हा विचारलं नाही आणि मला आजही ठाऊक नाही. घोकलेलं सगळं विसरलो. फडकं त्यांच्या हातात दिलं आणि आईच्या मुठींची गोष्ट सांगितली. नाना ओट्यावर बसले, रोटाचा तुकडा मोडला, बराच वेळ चावत राहिले. खटल्याचा विषय मी काढलाच नाही. त्यांनीच काढला. "बठ्ठा नावं मीच लिखी दिन्हात. आते मीच काढसू."

पुढच्या तारखेला ते माझ्याबरोबर एस.टी.नं धुळ्याला आले आणि माझी काही तक्रार उरली नाही, असं न्यायाधीशांना सांगून मोकळे झाले. मुलाखतीच्या चार दिवस आधी दाखला हातात पडला.

मी देवाकडे न्याय मागत होतो. त्यानं मला नुसतं एका दारापर्यंत चालायला लावलं, आणि तेवढंच पुरलं. त्या भांडणात मी नव्हतो, हे आजही कुठल्या कागदावर लिहिलेलं नाही. ते लिहून घ्यावंसं मला वाटेनासं झालं, हीच कानबाईची माझ्यावर झालेली सगळ्यात मोठी कृपा.