आधी नाव घे, मग हात घाल

"आधी हात धुवून ये. की-बोर्डला वास लागतो."

गोखिवऱ्यातल्या आमच्या ऑफिसात सर हे सगळ्यांसमोर बोलले. नऊ जण होते. नऊही हसले. मी उठले, बेसिनपाशी गेले आणि खरंच हात धुतले. दोनदा साबण लावून. त्याची लाज मला अजून वाटते.

मी पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली. आई मासळी विकते. सर आमचे टीम लीड, गासच्या बड्या बागायती वाडीवाल्यांच्या घरातले. माझी आजी टोपली घेऊन त्यांच्या मागच्या दाराशी जायची, हे त्यांनीच मला पहिल्या दिवशी हसत हसत सांगितलं होतं. मी सहा महिने कच्च्या नोकरीवर. शुक्रवारी पक्कं पत्र मिळणार होतं, आणि हा गुरुवार होता.

काम लहान मुलांच्या एका दवाखान्याचं. वजन टाकलं की औषधाचा डोस निघतो. जावास्क्रिप्ट या संगणकाच्या भाषेत माहिती बाहेर काढायच्या दोन रीती आहेत. माहितीला नावं लावलेली असली तर महिरपी कंस टाकून नावाने मागायचं. वजन दे, वय दे. ती कुठेही असोत, बरोबर हाताला येतात. नुसती ओळ असली तर चौकोनी कंस, आणि मागायचं ते जागेवरून. पहिलं ते वय, दुसरं ते वजन. जागा हलली की गेलं सगळं बाराच्या भावात.

मी नावानेच लिहिलं होतं. घरची सवय ती. जाळं ओतलं की आई मला निवडायला बसवायची आणि उचलण्याआधी मासळीचं नाव मोठ्याने घ्यायला लावायची. बोय. मांदेली. कारण ढिगात शिंगाळा असतो. त्याचा काटा लागला की धडधाकट माणूस गडबडा लोळतो.

"आधी नाव घे, मंग हात घाल," आई म्हणायची. न बघता उचललं की पाठीत धपाटा.

सोमवारी सरांनी माझं काम बघून तोंड वाकडं केलं. "कसली ही गावठी लांबण? सरळ ओळ कर. चौकोनी कंस टाक."

हे चुकतंय, मला कळत होतं. पण डोळ्यांसमोर शुक्रवार होता. "हो सर," म्हटलं आणि बदललं.

बुधवारी सरांनी त्या ओळीत वजन वयाच्या आधी आणलं. मला सांगितलं नाही. माझं काम दुसऱ्या जागेवरचा आकडा वजन म्हणूनच उचलत राहिलं. गुरुवारी दवाखान्यातल्या सिस्टरचा फोन आला. तिने नुसती चाचणी म्हणून एका काल्पनिक पोराची माहिती टाकली होती. वय अठरा महिने, वजन दहा किलो. पडद्यावर वजन अठरा दिसलं आणि डोस जवळजवळ दुप्पट. खरं पोर असतं तर? तेव्हाच सर ते हात धुवायचं बोलले.

मी परत येऊन बसले.

"आता मेल लिही. चूक माझी, म्हणून." सर पाठीशी उभे. मी 'चूक माझी' एवढं टाइप केलं.

"लिही, लिही. टोपलीत हात घालायचा आणि लागेल ते उचलायचं, तुम्हा लोकांची सवयच ती."

माझं डोकंच फिरलं. आमची सवय? अहो, आमच्यात पाच वर्षांची पोरगी नाव घेतल्याशिवाय मासळीला हात लावत नाही!

भीती गेली नाही. तरी मी लिहिलेलं पुसलं. कोणी कुठली ओळ कधी बदलली याची नोंद आमच्या कामात आपोआप राहते. ती काढली आणि मेलला जोडली. तिच्यात माझी पहिली ओळ होती आणि सरांचा बुधवारचा बदल; त्यांचा तोंडी हुकूम मी मेलमध्ये लिहिला. आणि माझंही लिहिलं, की मला चूक कळत होती आणि मी भिऊन गप्प बसले. मेल कंपनीच्या मालकांना पाठवला आणि दवाखान्यालाही.

"काय केलंस हे?" सरांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला.

"ज्याचं त्याचं नाव लिहिलं, सर."

शुक्रवारी पत्र आलं नाही. सोमवारपासून येऊ नकोस, असा निरोप आला.

परवा नालासोपाऱ्यात एका ऑफिसात मुलाखत आहे. भीती वाटतेच. आधीची नोकरी का सुटली, हे विचारतीलच. सगळं सांगणार आहे, सरांच्या नावासकट. माझ्या गप्प बसण्यासकट. नोकरी मिळो न मिळो, कोणी सांगितलं म्हणून आता मी हात धुणार नाही.