नागुबाईची झोळी विधानसभेत

मुरुडच्या पुढं रोजगार हमीतून पाझर तलावाचं काम चालू होतं. कामावरच्या एकुलत्या एका लिंबाला नऊ झोळ्या टांगलेल्या असत आणि नवांच्या मधोमध नागुबाई पाय पसरून बसलेली असे. दोन्ही हातांत दोन दोऱ्या, दोन्ही पायांच्या अंगठ्यांत दोन. चार लेकरं अशी हलायची. उरलेल्या पाचांना तिचं ओरडणं पुरायचं.

"ए धुरपताबाईच्या नातवा! आता रडलास तर तुला बी पाटी देईन उचलायला!"

आणि तो खरंच गप्प व्हायचा.

पहिल्या दिवशी धुरपताबाईनं ह्या नातवाची झोळी लांबच्या बोरीला बांधली होती. पाटलाघरचं लेकरू बौद्धवाड्यातल्या बाईजवळ कसं ठेवायचं! पण बोरीला मुंगळे निघाले. तिसऱ्या दिवशी लिंबाला एक झोळी वाढली. नागुबाईनं तेवढं विचारलं, "मुंगळ्यांनी धाडलं व्हय?"

लातूर जिल्हा होऊन दुसरा उन्हाळा होता, आणि पावसानं दोन्ही वर्षं तोंड फिरवलेलं. गाव अख्खं कामावर. नागुबाईही महिन्यापूर्वीपर्यंत मातीच्या पाट्याच वाहत होती. एकदा पाय घसरला, उजवा खांदा उतरला, तो बसवला तरी पाटी काही उचलेना. तेव्हापासून ती झोळ्यांपाशी. पण हजेरी लिहिणारा सिद्रामप्पा एक दिवस डोकं खाजवत तिच्यापुढं उभा राहिला.

"मावशी, बसून ऱ्हानाऱ्या बाईचं नाव हजेरीत घालता येत न्हाई. हा हप्ता चालवलो. सोमवारपास्न जमायचं न्हाई."

"मंग नऊ लेकरं तू हलीव."

"तसा नियम हाय म्हणं, लेकरं सांभाळायला बाई लावायचा. पर त्याचा कागद उस्मानाबादेतच राहिला. जिल्हा नवा झाला, खुर्च्या आल्या, कपाटं आली. कागद तेवढा न्हाई आला."

"बिगर कागदाचा जिल्हा कशाला आनला, बाबा?"

चेष्टा केली खरी, पण मनातल्या मनात तिनं हिशेब मांडला. ती घरी बसली तर सून पंचशीलाही सहा महिन्यांचं लेकरू घेऊन घरी बसणार. तिच्यामागं इतर आठ जणी. हजेरीतलं एक नाव पुसलं की नऊ पाट्या थांबणार होत्या.

त्याच आठवड्यात शनिवारी आमदार अण्णाराव काम बघायला आले. आधीचे प्राथमिक शाळेचे मास्तर. खिशात अजून चौकटीची वही. लोक सांगतील ते शब्द त्या वहीत उतरवायचे आणि मुंबईला सभागृहात उभं राहून जसेच्या तसे मागायचे, ही त्यांची रीत. तिथले लोक त्याला अण्णारावांची बाजाराची यादी म्हणत. अण्णारावांना त्याचं वाईट वाटत नसे. पाणी, रेशन, रस्ता, हजेरी. यादीत खोटं काय होतं?

"नागुमाय, काय मागू?"

"झोळी मागा, आण्णा. झोळीपाशी बसनाऱ्या बाईचं नाव हजेरीत पायजे. अडलंच तर माज्या नावानं दरखास्त द्या."

मास्तरांनी लिहिलं: झोळी. सिद्रामप्पा म्हणाला, "अधिवेशन होईस्तोवर मी डोळे झाकतो. पर लवकर करा."

आठव्या दिवशी भाकरीच्या सुट्टीत नांदेडचा पेपर आला. सातवी शिकलेली पंचशीला वाचायला बसली आणि दुसऱ्याच ओळीला अडखळली.

"वाच की गं."

"दुष्काळी भागातील महिलांना झोळ्या द्या. आमदाराची मागणी. सभागृहात खसखस पिकली."

बायांचे घास हातातच राहिले.

धुरपताबाई उठलीच. "म्या? म्या झोळी घिऊन दारोदार फिरू?"

नागुबाईचा आवाज तर बंधाऱ्यापलीकडं गेला. "सासऱ्यानं छप्पन साली दीक्षा घेतली आन गावकीची भाकर मागायची सोडली. त्या दिसापास्न आमच्या घरात कुनी हात पसरला न्हाई! आन ह्या मास्तरानं आमाला झोळी मागितली?"

"आत्याबाई," पंचशीला हळूच म्हणाली, "शब्द तुमचाच हाय."

"माजा शब्द लेकराचा व्हता! त्यांनी भिकेचा ऐकला."

आठवड्यानं अण्णाराव आले ते खाली मान घालूनच. हातात कामकाजाची छापील प्रत. नागुबाईनं ती सुनेकडं सरकवली. "वाच. काय काय बोलले ते कळू दे."

"अण्णाराव म्हणाले, माझ्या भागातल्या बायांना कामावर झोळी हवी आहे. एक सन्माननीय सदस्य म्हणाले, कुणाच्या दारात फिरवायला? कंसात, हशा. मंत्री म्हणाले, हे शासन कुणाच्या हाती झोळी देणार नाही. कंसात, टाळ्या."

"थांब. हशा म्हंजे?"

"तिथं मानसं हसली. ते लिहून ठिवतेत."

"हसल्यालं बी लिवतेत?" नागुबाई सिद्रामप्पाकडं वळली. "बग रं! तितं दात काढल्याची हजेरी लागती. आन मी दिवसभर नऊ लेकरं हलवते, तर माजी न्हाई!"

अण्णाराव पुटपुटले, "मला समजावून सांगायला वेळच दिला नाही, माय."

"सांगू नका. दाखवा."

तिनं झोळीतलं लेकरू उचलून आमदाराच्या हातात दिलं आणि गाठ सोडली. झोळी म्हणजे तिचं स्वतःचं इरकली लुगडं होतं, जुनं पण काठ शाबूत. घडी घालून होईपर्यंत लेकरानं अण्णारावांचा सदरा ओला केला होता.

"झालं, त्यानं बी दरखास्त दिली!" धुरपताबाई म्हणाली, आणि आठ दिवसांत पहिल्यांदा सगळ्या हसल्या.

पुढच्या खेपेला अण्णाराव जीपमधून उडी मारूनच उतरले. लिंबाखाली उभं राहून त्यांनी सगळं हातवारे करून सांगितलं. दोन बाकांमध्ये लुगडं कसं बांधलं, अध्यक्ष चष्मा काढून कसे बघत राहिले.

"अध्यक्ष म्हणाले, सन्माननीय सदस्य, सभागृहात वस्तू दाखवता येत नाही. मी म्हणालो, अध्यक्ष महाराज, ही वस्तू नाही, तरतूद आहे. फक्त तिचा कागद उस्मानाबादेत राहिलाय."

"हशा?" नागुबाईनं विचारलं.

"हशा. मग मी म्हणालो, ह्यात लेकरं निजतात आणि त्यांच्या आया तलाव बांधतात. जी हलवते तिचं नाव हजेरीत नाही. काम कशाला म्हणायचं, हा न्यायाचा प्रश्न आहे. आम्ही मेहरबानी मागत नाही."

"मंग कंसात काय आलं?"

"काहीच नाही. सगळे गप्प झाले होते."

"गप बसल्यालं लिवत न्हाईत व्हय," नागुबाई म्हणाली. मग तिनं विचारलं, "आन माजं लुगडं?"

अण्णारावांनी कान पकडले. "मार्शलनी जप्त केलं, माय. सभागृहाच्या ताब्यात आहे."

"घ्या! माज्या आधी माजं लुगडंच निवडून गेलं!"

सोमवारी सिद्रामप्पानं त्या नियमाचा नवाकोरा कागद आणला, शिक्का लातूरचा. हजेरीच्या वहीत त्यानं तिचं नाव मांडलं आणि पुढच्या रकान्यात ठळक अक्षरांत काहीतरी लिहिलं.

"काय लिवलास?"

"बालसंगोपन."

"ही कोन बाई?"

"तुमीच, मावशी. तुमचं काम."

"माज्या कामाला झोळी म्हंतेत. तसंच लिही."

"असं न्हाई लिहिता येत."

"मुंबईत छापून आलंय, आन तुला मुरुडात लिहिता यीना?"

सिद्रामप्पानं इकडं-तिकडं बघितलं. सगळ्या पाट्या खाली ठेवून बाया त्याच्याकडंच बघायलेल्या. त्यानं आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं: झोळी. पंचशीलानं वाकून वाचलं, मान हलवली. मग नागुबाईनं हाताचा अंगठा शाईत बुडवून वहीवर उठवला. पायाचा अंगठा तेवढ्यातही दोरी ओढतच होता.

बायांनी एकच गलका केला. धुरपताबाई तर पदर तोंडाला लावून हसायली.

"अप्पा, वही मिटू नको," नागुबाई म्हणाली. "त्याच्या फुडं कंस कर. आन लिही, हशा."