लेडी ड्रिव्हन, एकदम नव्यासारखी

बाबांनी फ्रिजवरची चप्पल काढून खिशात घातली की मी समजायचे, आज पुन्हा गाडी बघायला जायचं आहे.

ही चप्पल म्हणजे बोटभर लांबीची कोल्हापुरी. तळाला चुंबक, कुठल्याशा हस्तकला प्रदर्शनातून आणलेली. ऑफिसातल्या कुणीतरी बाबांना सांगितलं होतं की जुनी गाडी घेताना दारांना चुंबक लावून बघायचं. जिथे ते चिकटत नाही तिथे पत्र्यावर पुट्टी भरलेली असते, म्हणजे गाडी आधी कुठेतरी ठोकलेली. आमच्या घरात चुंबक ते एकच. त्यामुळे त्या हिवाळ्यातले सगळे रविवार बाबा गुडगावपासून दिल्लीतल्या पीतमपुऱ्यापर्यंत लोकांच्या गाड्यांना चप्पल लावत फिरले.

तेव्हा मी अकरावीत होते. पुण्याहून गुडगावला येऊन आम्हाला दोन वर्षं झाली होती. आमच्या बाल्कनीतून एका बाजूला मोहरीचं शेत दिसायचं आणि दुसऱ्या बाजूला काचेचा मॉल. दोन्हीकडे जायला बस नव्हती. ऑटोवाले हायवेपर्यंतच यायचे आणि तिथून पुढचा प्रदेश अजून कुणी शोधून काढलेला नाही अशा चेहऱ्यानं परत फिरायचे. बाबांना न्यायला कंपनीची कॅब येई, मला शाळेची बस. आईला न्यायला काहीच येत नसे. पुण्यात ती स्कूटीवरून सगळीकडे हिंडायची. ती स्कूटी आम्ही सामानाबरोबर आणली होती, पण हायवेवरचा पहिला ट्रक अंगावरून गेल्यासारखा गेला, आणि तेव्हापासून स्कूटी जिन्याखाली कव्हर घालून उभी होती.

बाबांना सात सीटची गाडी हवी होती. आम्ही माणसं तीन. पण थंडी पडली की पुण्याहून पाहुणे यायचे, आग्रा-मथुरा करायला, आणि मग दोन-दोन टॅक्स्या कराव्या लागायच्या. नवी कोरी परवडण्यासारखी नव्हती, जुनी नको होती. म्हणून 'नव्यासारखी' शोधायची असं ठरलं.

जाहिराती इंग्रजी पेपरात यायच्या आणि घरात इंग्रजी शाळेत जाणारी मी, म्हणून फोन मी करायचा. अनोळखी माणसाशी फोनवर बोलायचं म्हटलं की मला काही सुचायचं नाही. मी वाक्यं आधी वहीत लिहून काढायचे. 'गुड मॉर्निंग, आय ॲम कॉलिंग अबाउट युवर व्हेइकल.' पलीकडून उत्तर यायचं, "हां जी, बोलो बेटा." माझी वही तिथेच संपायची.

जाहिरातींत ठरावीक शब्द असत. सिंगल ओनर. डॉक्टर ओन्ड. आणि बाबांचा सगळ्यांत लाडका, लेडी ड्रिव्हन. बायका गिअर आपटत नाहीत, ब्रेक झिजवत नाहीत, गाडी नव्यासारखी ठेवतात, असा त्या बाजारातला समज होता. बाबा पेन्सिल घेऊन बसत आणि 'लेडी ड्रिव्हन' दिसलं की गोल करत.

"म्हणजे दुसऱ्याच्या बायकोनं चालवलेली गाडी तुम्हाला हवी," आई कणीक मळता मळता म्हणाली. "स्वतःच्या बायकोनं चालवलेली नको."

"अगं, त्या लहानपणापासून चालवत असतात."

"लहानपणापासून? लायसन्स कोण देतं त्यांना?"

बाबांनी पान उलटलं.

या बोलण्यामागे एक जुनी गोष्ट होती. वर्षभरापूर्वी बाबांनी मित्राची गाडी आणून आईला रिकाम्या सेक्टरच्या रस्त्यावर शिकवायचा प्रयत्न केला होता. तो वीस मिनिटं चालला. त्यातली पंधरा मिनिटं बाबा "क्लच! क्लच!" एवढंच म्हणत होते. शेवटी आईनं हँडब्रेक ओढला, दार उघडलं आणि ती चालत घरी आली. बाबांनी त्यातून निष्कर्ष काढला की हिला जमणार नाही. आईनं निष्कर्ष काढला की शिकवणारा बदलला पाहिजे. तो तिनं बोलून दाखवला नाही.

त्यातच तिला नोकरी चालून आली. मानेसरला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात, रंगांच्या प्रयोगशाळेत. लग्नाआधी ती पुण्यात तेच काम करायची. कारखान्याची बस होती, पण ती जुन्या गुडगावच्या स्टँडवरून पहाटे सुटायची आणि त्या वेळी आमच्याकडून स्टँडपर्यंत जायला काहीच मिळत नसे. कारखान्याला एका ठरलेल्या सोमवारी हो किंवा नाही कळवायचं होतं. बाबा नाही म्हणाले नव्हते. ते म्हणाले होते, "बघू. पण जाणार कशी तू?" आणि ते खरंच विचारत होते, त्यामुळे भांडताही येत नव्हतं.

आई दीड महिना मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळी ड्रायव्हिंग स्कूलला जात होती. परवानाही आला होता आणि तो माझ्या भूगोलाच्या पुस्तकात होता. बाबांना आम्ही सांगितलं होतं, क्लबहाउसमध्ये योगा. योगाला जाताना ती बूट का घालते हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. सांगणार कधी, असं मी विचारलं की ती म्हणायची, "सांगते गं. गाडी तर येऊ दे." मी कुणाचं काही कुणाला सांगणारी नव्हतेच. आमच्या घरात गुपित ठेवायला माझ्याइतकी सोयीची जागा नव्हती.

गाडी बघायला गेलो की आमची एक पद्धत असे. मालकासमोर हिंदी, आणि आपसांतलं सगळं त्याच्या तोंडावर मराठीत. दिल्लीत कुणाला कळणार? फक्त चेहरा हसरा ठेवायचा आणि दोष सांगताना आवाज कौतुकाचा काढायचा. "वा, टायर अगदी गुळगुळीत झालेत हो," असं आई इतक्या प्रेमानं म्हणायची की मालक "थँक्यू जी" म्हणायचे.

पीतमपुऱ्याला मात्र चप्पल नडली. तिथल्या गाडीच्या दाराला बाबांनी ती लावली आणि मालक ओरडले, "भाई साहब, नयी गाडी को जूती लगा रहे हो?" बाबांनी पुट्टीचं शास्त्र समजावून सांगितलं, त्यावर ते आणखीच दुखावले. निघता निघता आईनं विचारलं, लेडी ड्रिव्हन म्हणजे चालवायचं कोण? त्यांनी बायकोला बाहेर बोलावलं. ती बिचारी म्हणाली, "मुझे तो साइकल भी नहीं आती." परत येताना टॅक्सीत आई इतकी हसली की ड्रायव्हरनं आरशात बघितलं.

आणि मग तो रविवार आला, त्या सोमवारच्या आधीचा. जाहिरात मयूर विहारची होती. लेडी ड्रिव्हन, दीड वर्ष जुनी. फोनवर एक बाई बोलल्या होत्या, मोजकं आणि स्वच्छ इंग्रजी. मला पहिल्यांदाच वही पुरली.

त्या स्वतःच खाली आल्या. पन्नाशीच्या, सलवार-कमीज, पायात बूट, कापलेले आखूड केस. पार्किंगमध्ये गडद मरून रंगाची उंच गाडी उभी होती. त्यांनी हिंदीत सांगितलं की मुलानं हौसेनं घेतली, तीन महिन्यांत त्याची परदेशी नेमणूक झाली, तेव्हापासून मीच ऑफिसला नेते, पण एकटी बाई सात सीटांचं करणार काय. बाबांनी चप्पल काढली.

"ये क्या है?"

"जी, शगुन के लिए," बाबा म्हणाले. पीतमपुऱ्यानं त्यांना शहाणं केलं होतं.

बाई त्या चपलेकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या. चप्पल प्रत्येक दाराला चिकटली. बाबांचा चेहरा खुलला, मग लगेच त्यांनी तो आवरला.

"रंग जरा भडक आहे," ते हसत मराठीत म्हणाले.

"बाईंनी केस घरीच कापलेले दिसतात," आई तितक्याच गोडव्यानं म्हणाली, "पण गाडी काय स्वच्छ ठेवलीय हो."

बाईंचा हात मानेवरच्या केसांकडे गेला. गेला आणि अर्ध्यातून खाली आला.

ते मी पाहिलं. बाबा बॉनेटमध्ये वाकले होते, आई सीटची कव्हरं चाचपत होती. बाईंना मराठी कळत होती.

आता हे घरच्यांना सांगायचं कुठल्या भाषेत? मराठी बाईंना कळते. हिंदी त्यांचीच. इंग्रजी त्यांची माझ्याहून चांगली. आमच्याकडे चौथी भाषा नव्हती. मी खोकले.

"खोकला झालाय का? मफलर कुठेय तुझा?" आई म्हणाली.

बाबा बॉनेटमधून बाहेर आले आणि प्रसन्न चेहऱ्यानं आईला म्हणाले, "गाडी चांगली आहे. हे बघ, मी आता नको म्हणतो. तू मला ओढून घेऊन जा. गेटपर्यंत गेलो की ती हाक मारेल, मग किंमत उतरेल."

मी पुन्हा खोकले. काही उपयोग झाला नाही. बाबांनी हिंदीत सांगितलं की गाडी फार मोठी वाटते, विचार करू. आईनं त्यांची बाही धरून ओढली. आम्ही तिघं गेटकडे निघालो. दहा पावलं, वीस पावलं. मी मागे वळून पाहिलं. बाई हाताची घडी घालून गाडीला टेकून उभ्या होत्या, एखादा प्रयोग बघावा तशा. त्यांनी हाक मारली नाही. गेटपाशी आम्ही थांबलो. चौकीदारानं आमच्याकडे बघितलं.

"हाक नाही मारत ही," बाबा म्हणाले.

"दिसतंय," आई म्हणाली.

आम्ही परत आलो. बाबांनी सांगितलं की त्यांचा पेन राहिल्यासारखा वाटला. पेन त्यांच्या खिशात होता, चपलेशेजारी.

"चलाके देखिए," बाई म्हणाल्या आणि किल्ली पुढे केली. आई जवळ उभी होती, म्हणून किल्ली तिच्यापुढे आली. आईचा हात उचलला गेला.

"नहीं नहीं, ये नहीं चलातीं," बाबा म्हणाले. आणि मग मराठीत, अगदी मायेनं, "तू नको हात लावूस हं. कुठे घासली तर गळ्यात पडायची. तुला येत नाही तर उगाच."

आईनं हात मागे घेतला आणि तो साडीच्या निऱ्यांवर पुसला, जणू कणकेचा होता. खरं बोलली असती तर योगा, बूट, भूगोलाचं पुस्तक, सगळंच त्या पार्किंगमध्ये परक्या बाईसमोर काढावं लागलं असतं. बाबा किल्ली घ्यायला पुढे सरकले. मला एवढंच दिसत होतं की उद्या सोमवार आहे, आणि हा हात आत्ता खाली गेला तर उद्या फोनही केला जाणार नाही.

"आईला येतं," मी म्हणाले. माझा आवाज मला फार मोठा वाटला. "दीड महिना शिकलीय ती. लायसन्स पण आहे. तो योगा नव्हता."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग साडीखाली दिसणाऱ्या आईच्या बुटांकडे.

"मग बसा ना, ताई," बाई मराठीत म्हणाल्या.

बाबांना एकापाठोपाठ दोन धक्के बसले, आणि आधी कुठल्यावर दचकायचं हे त्यांना ठरवता येईना.

"पहाडगंजच्या मराठी शाळेत होते मी, दहावीपर्यंत," बाई म्हणाल्या. "वडील नागपूरचे, इथे सरकारी नोकरीत. तीन रविवार झाले, लोक येऊन जाताहेत. माझ्या भाषेत माझी गाडी बघणारे तुम्हीच पहिले. म्हटलं, ऐकू तरी दे. आणि ताई, केस मी खरंच घरीच कापते."

"अय्या," आई म्हणाली. तिचा चेहरा गाडीपेक्षा मरून झाला.

"भाऊ, तुम्ही मागे बसा. अगदी मागे. पाहुण्यांची सीट कशी आहे तेही कळेल. मी पुढे बसते ताईंजवळ."

बाबा एरवी कुणाचं ऐकणारे नव्हते, पण गेटपर्यंत जाऊन परत आलेल्या माणसाला फारसं बोलता येत नाही. ते शेवटच्या सीटवर चढले. त्यांचे गुडघे हनुवटीला लागले. मी मधल्या सीटवर एकटी, तीन माणसांच्या जागेत.

गाडी पार्किंगमध्ये एकदा बंद पडली, गेटपाशी दुसऱ्यांदा. चौकीदारानं आमच्याकडे पुन्हा बघितलं. बाई खिडकीबाहेरच्या कबुतरांकडे बघत होत्या. तिसऱ्या वेळी आईनं ओठ घट्ट मिटले आणि ती मोठी गाडी हळूच रस्त्यावर आली. एक सायकलरिक्षा आडवी गेली. आईनं हॉर्न वाजवला. पुण्यातल्या स्कूटीवर वाजवायची तसाच, दोनदा, रागावून.

"मानेसरच्या हायवेला ट्रक फार असतात का हो?" तिनं समोर बघत विचारलं.

"असतात की. पण एवढी उंच गाडी आहे. त्यांनाही तुम्ही दिसालच."

"क्लच!" मागून आवाज आला.

"काय म्हणाले?" आईनं विचारलं. "मागचं काही ऐकू येत नाही."

मला ऐकू आलं होतं. मधे मीच बसले होते. बाबा पुढे झुकून मला म्हणाले, "अगं, तिला सांग, तिसरा टाक म्हणावं." आईनं तिसरा टाकलेलाच होता. मी काही पुढे पोचवलं नाही.

परत आल्यावर बाबांना उतरायला दोघींनी हात दिला. ते कंबर धरून उभे राहिले. आई त्यांच्याकडे बघत होती, किल्ली तिच्या मुठीत.

"मागची सीट काही खरी नाही," ते म्हणाले. "पाहुण्यांना टॅक्सीच बरी." मग बॉनेटवर हात ठेवून, "बाकी ठीक आहे. लेडी ड्रिव्हन आहे."

सोमवारी सकाळी आईनं मानेसरला फोन लावला. घंटी वाजायला लागल्यावर तिनं घाईनं रिसीव्हर माझ्यापुढे धरला. "तूच बोल ना, तुझं इंग्लिश चांगलं आहे."

मी नाही म्हणून मान हलवली. त्या आठवड्याचं माझं बोलणं मी रविवारीच संपवलं होतं.