दयारामची शीळ

नवराबायकोनं एकमेकांचं नाव घ्यायचं नाही, असा गुणाबाईच्या सासरी, बेलपाड्यात, रिवाज होता. तिनं दयारामला "अवो" म्हणायचं. आणि त्यानं? त्यानं शीळ घालायची. बांधावरून शीळ आली की बाईसाहेब भाकरीचं फडकं उचलून निघाल्याच! उभा जन्म तिनं त्या शिळेला ओ दिली. पुढे शेतं गेली, इमारती आल्या, आणि म्हातारा-म्हातारी पनवेलला, एसटी स्टँडमागे लेकाकडे राहायला आली. तिथंही हा गृहस्थ जिन्याखालून शीळच घालायचा. शेजारीपाजारी हसायचे. हसेनात का!

मग त्याला अर्धांगवायू झाला. वाचा गेली, तोंड वाकडं झालं. गुणाबाई त्याचं सगळं करी, पण मनातून फार कष्टी होती. जाण्याआधी त्यानं एकदा तरी आपल्याला हाक मारावी, एवढीच तिची आस होती. डॉक्टरांनी आशा सोडली, हिनं नाही.

नात इरा कॉलेजात मराठी शिकत होती. एका दुपारी स्टँडवर कंडक्टर शिट्टी वाजवून गाडी मागे घ्यायला लावत होता. ती ऐकून पोरीनं विचारलं, "आजी, शीळ आणि शिट्टी एकच का गं?"

"एक कशी? शिट्टी दुकानात भेटते. ही आपल्या तोंडाची."

"शब्द कुठून आला, ते सरांनाही नक्की सांगता येईना. मला वाटतं, आवाजावरूनच आला असेल. ओठ आवळून वारा सोड बघू. आधी 'श्श' येतो ना? सूर मागाहून."

बाईमाणसानं शीळ घालू नये म्हणतात. गुणाबाईनं दाराकडे बघून घेतलं आणि ओठ आवळले. सूर कुठला निघतोय, तोंडात दात तरी होते का! नुसता वारा सुटला. श्श.

हाच आवाज दयाराम महिनाभर करत होता. त्याचे ओठ थरथरायचे, वारा सुटायचा, थुंकी उडायची. आणि ती पदरानं त्याचं तोंड पुसायची, पुसता पुसता मिटवायची. "गप पडा, दमाल," म्हणायची.

ती धडपडत खाटेशी गेली. "आले वो, मी हाय," म्हणत तिनं त्याचा हात धरला. दयारामनं डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं. ओठ काही हलले नाहीत. दिवेलागणीपर्यंत ती ओ देत बसली. त्यानं हाक मारणं सोडून दिलं होतं.